मुंबई ते लंडन : किती अंतर, किती तास, आणि कुणाच्या घड्याळाने?

संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका तक्त्याबद्दल बोलू या. हा तक्ता तुम्ही पाहिलेला असणार, कदाचित स्वतःच्या आराखड्यात टाकलाही असेल. दोन शहरं घ्यायची. डावीकडे साल, मध्ये वाहन, उजवीकडे लागणारा वेळ. मुंबई-लंडनचा तक्ता साधारण असा दिसतो : शिडाचं जहाज, काही महिने. आगबोट, काही आठवडे. १९३० च्या आसपास दोन आठवडे. १९४८ साली विमानाने २४ तास. आज साडेनऊ-दहा तास. खाली एक वाक्य येतं, ‘अशा रीतीने जग जवळ आलं.’ परीक्षक मान डोलावतात, आपण पुढच्या प्रकरणाला लागतो.

माझा प्रबंध प्रवासाच्या काळावर आहे, त्यामुळे असे तक्ते मला रोज भेटतात. त्यातले आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात, अडचण निराळीच आहे. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत वेगळीच गोष्ट मोजलेली असते. कुठे बंदर ते बंदर, कुठे शहर ते शहर. कुठे फक्त यंत्र चालू असतानाचा वेळ, कुठे वाट पाहण्यासकट सगळा. मग आपण त्यांची वजाबाकी करतो आणि ‘इतके तास वाचले’ असं लिहून मोकळे होतो. मुंबई-लंडन हीच जोडी घेऊन हे सविस्तर बघू.

आधी अंतर. तास बदलतात पण अंतर तर कायम असतं ना, असं वाटतं. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला तर तो साधारण ७,२०० किलोमीटर भरतो. नकाशाच्या कुठल्याही संकेतस्थळावर हाच आकडा मिळेल. पण या दोऱ्यावरून जहाज जाऊ शकत नाही, कारण मध्ये इराण आणि अर्धा युरोप आहे. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून समुद्रमार्गाने गेलं तर अंतर होतं सुमारे १९,८०० किलोमीटर. सुएझ कालव्यातून गेलं तर सुमारे ११,६०० किलोमीटर. म्हणजे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला तेव्हा मुंबई-लंडनचं ‘अंतर’ आठ हजार किलोमीटरने कमी झालं, आणि जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद झाला तेव्हा मालवाहू जहाजांसाठी ते परत तेवढंच वाढलं. ५ जून १९७५ पर्यंत, पुरती आठ वर्षं. ‘जग जवळ आलं’ म्हणणाऱ्या तक्त्यात ही आठ वर्षं कधीच दिसत नाहीत, कारण तोपर्यंत तक्ता विमानात जाऊन बसलेला असतो.

मैलांचाही घोळ आहे. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. जहाज कंपन्यांच्या कागदांत सागरी मैल, वर्तमानपत्रांत कधी हा तर कधी तो, आणि सगळीकडे नुसतंच ‘मैल’. दहा हजार मैलांच्या प्रवासात या एका शब्दाने अडीच हजार किलोमीटरची तफावत पडते. कुठलाही जुना अंतराचा आकडा हाती आला की तो आधी दोन्ही प्रकारांनी किलोमीटरमध्ये बदलून बघा आणि नकाशाशी ताडून पाहा. कुठला मैल अभिप्रेत आहे ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

आता वेळ. इथे मी १८३० पासून सुरुवात करतो, कारण त्या वर्षीचं एक उदाहरण या सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईतच बांधली गेली होती. कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखाली ती २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. इंग्लंडची डाक केपला वळसा न घालता तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तच्या वाळवंटातून नेता येते का, हे तिला सिद्ध करायचं होतं. ती २२ एप्रिलला सुएझला पोहोचली. मग हा प्रवास किती दिवसांचा?

कॅलेंडरने मोजलं तर ३३ दिवस. पण बोटीचं यंत्र प्रत्यक्ष चालू होतं ते साधारण २१ दिवस. उरलेले बारा दिवस वाटेतल्या बंदरांत, मुख्यतः कोळसा भरण्यात गेले. आता गंमत पाहा. वाफेच्या बाजूने बोलणारा माणूस २१ सांगणार, आणि ‘हे असलं परवडणार नाही’ म्हणणारा ३३ सांगणार. दोघेही खरं बोलतात. तुम्ही ज्या ग्रंथातून आकडा उचलला त्याचा लेखक कोणत्या बाजूचा होता, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

आणि ते बारा दिवस ‘वाया गेले’ म्हणून सोडून देऊ नका, खरा इतिहास त्यांच्यातच आहे. ही बोट अकराव्या दिवशी एडनला पोहोचली तेव्हा तिच्यातला कोळसा जवळजवळ संपलेला होता. निघतानाच इतका कोळसा भरला होता की माणसांना वावरायला जागा उरली नव्हती. म्हणजे १८३० मध्ये मुंबई आणि सुएझ यांच्यामधलं अंतर मैलांत मोजून उपयोग नव्हता, ते कोळशाच्या ढिगांत मोजावं लागत होतं. पुढे जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन ताब्यात घेतलं, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं कोळशाचा साठा ठेवायला हक्काचं बंदर. मोहिमेची तयारी मुंबईहूनच झाली आणि एडनचा कारभारही कित्येक दशकं मुंबई सरकारकडेच होता. प्रवासाच्या वेळेतले थांबे कमी करण्यासाठी एक शहर जिंकलं गेलं! नुसते २१ दिवस लिहिणाऱ्याच्या तक्त्यात एडन येणारच नाही.

मधल्या शंभर वर्षांवरून मी भराभर पुढे जातो. कालवा, मोठी जहाजं, युरोपातली रेल्वे यांबद्दल भरपूर लिहिलेलं आहे. थेट १९३० ला येऊ या.

गोलमेज परिषदेच्या निमित्ताने मुंबईहून लंडनला गेलेल्यांच्या तारखा आपल्याला नीट माहीत आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. दुसऱ्या परिषदेसाठी ते १५ ऑगस्ट १९३१ ला ‘मुलतान’ बोटीने निघाले, २९ ऑगस्टला पोहोचले. महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ ला ‘राजपुताना’ बोटीने निघाले, १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते. तिन्ही वेळा बरोबर चौदा दिवस. तक्त्यात ‘१४ दिवस’ लिहून मोकळं व्हावं, इतका सुबक आकडा.

पण जरा थांबा आणि दोन गोष्टी करा. पहिली, हिशोब. सुएझमार्गे ११,६०० किलोमीटर, आणि त्या काळच्या डाकबोटीचा वेग ताशी तीसेक किलोमीटर. भागाकार केलात तर सोळा दिवस येतात, तेही कुठेही न थांबता. एडन, पोर्ट सैद, कालव्यातली संथ चाल धरली तर आणखी जास्त. मग चौदा दिवसांत लंडन कसं? उत्तर गांधीजींच्या प्रवासात सरळ दिसतं. ते ११ सप्टेंबरला फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरले, तिथून आगगाडीने फ्रान्स ओलांडला, खाडी पार केली आणि दुसऱ्या दिवशी लंडनला पोहोचले. बोट मात्र स्पेनला वळसा घालून सावकाश पुढे गेली. म्हणजे ‘बोटीने १४ दिवस’ हे वाक्यच अर्धवट आहे. तो बोट आणि आगगाडी मिळून झालेला प्रवास आहे. घाई असलेला आणि तिकिटाचे जास्त पैसे भरू शकणारा माणूस मार्सेयला उतरत असे, डाकेच्या थैल्याही फ्रान्समधून रुळांवरूनच पुढे जात. बाकीचे जहाजातच बसून राहत. त्यामुळे निघण्या-पोहोचण्याच्या तारखा हातात आल्या म्हणून प्रवास कळला असं समजू नका. तारखा फक्त दोन टोकं सांगतात. मधला टप्पा पत्रांतून आणि वर्तमानपत्रांच्या जहाजवार्तांतून काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, जुनं कॅलेंडर उघडा. ४ ऑक्टोबर १९३० हा शनिवार. १५ ऑगस्ट १९३१ हा शनिवार. २९ ऑगस्ट १९३१ हाही शनिवार. पोहोचण्याचे तिन्ही दिवस अर्थातच शनिवार. हा योगायोग नाही. डाकबोट आठवड्यातून एकदा सुटायची, ठरलेल्या वारी. तेव्हा मुंबईहून लंडनला जायला ‘चौदा दिवस’ लागत नव्हते, चौदा अधिक शनिवारपर्यंतचे दिवस लागत होते. शनिवारी दुपारी बॅलार्ड पिअरला पोहोचलात तर चौदा, रविवारी सकाळी पोहोचलात तर वीस.

याचं महत्त्व किती? १९३१ चाच ऑगस्ट बघा. गांधीजी परिषदेला जाणार की नाही हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. सिमल्याला व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्याशी वाटाघाटी चालू होत्या. तोडगा निघाला २७ ऑगस्टला, म्हणजे गुरुवारी. बोट शनिवारी, आणि सिमला ते मुंबई हे अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास. खास सोय करून त्यांना सिमल्याहून खाली आणलं गेलं, तेव्हा कुठे शनिवारची बोट मिळाली. दुसरी गोलमेज परिषद लंडनला ७ सप्टेंबरला सुरू झाली होती, गांधीजी पोहोचले १२ ला. म्हणजे एवढी धावपळ करूनही ते परिषद सुरू झाल्यानंतरच पोहोचले. शनिवार हुकला असता तर १९ सप्टेंबर उजाडला असता. सिमल्यातल्या चर्चेवर वेळेचा दाब कुठून आला हे समजून घ्यायचं असेल तर बोटीचा वेग जाणून काहीच हाती लागत नाही, बोटीचा वार माहीत असावा लागतो. उलट बाबासाहेब पहिल्या परिषदेच्या वेळी १८ ऑक्टोबरलाच लंडनला होते, परिषदेचं उद्घाटन झालं १२ नोव्हेंबरला. मधल्या साडेतीन आठवड्यांत भेटीगाठींना, लोकांपुढे बाजू मांडायला वाव होता. कोण आधी पोहोचतं आणि कोण उशिरा, यावर राजकारणातलं बरंच काही ठरतं. माझ्या मते तक्त्यात ‘वेळ’ या रकान्याशेजारी ‘आठवड्यातून किती वेळा’ हा रकाना नसेल तर तो तक्ता राजकीय इतिहासासाठी निरुपयोगी आहे.

आता विमान. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. (तो दिवसही शनिवारच होता. हा वार माझी पाठ सोडत नाही.) सात दिवसांत भारत, अशी तिची ख्याती. भाडं होतं १३० पौंड, म्हणजे सामान्य माणसाने नाव काढू नये असं. पण ही ‘हवाई सेवा’ होती कशी? लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान. बाझलहून इटलीतल्या जेनोआपर्यंत आगगाडी! जेनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारी उडती बोट. तिथून कैरोपर्यंत पुन्हा आगगाडी. आणि मग कैरोहून गाझा, बगदाद, बसरा, इराणचा किनारा असं करत कराचीपर्यंत चाकांचं विमान. विमानं प्रामुख्याने दिवसा उडत, रात्री प्रवासी वाटेतल्या विश्रामगृहांत झोपत. १९३२ मध्ये इराणच्या किनाऱ्याची परवानगी राहिली नाही, तेव्हा मार्ग आखाताच्या अरब बाजूला, शारजाकडे वळवावा लागला. आकाशातही एडनसारखी ठिकाणं लागतात आणि आकाशातही कुणाची तरी परवानगी लागते, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

आणि या सात दिवसांत मुंबई कुठे आहे? कुठेच नाही. विमान कराचीला थांबायचं. त्यामुळे १९२९ ची नोंद ‘मुंबई-लंडन’ या तक्त्यात घालायची असेल तर कराची-मुंबई हा टप्पा जोडल्याशिवाय घालता येत नाही. तो टप्पा हवेतून जोडला गेला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचं छोटं विमान कराचीच्या ड्रिग रोडवरून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला आणलं, इंग्लंडहून आलेली डाक घेऊन. पुढे नेव्हिल विंटसेंट यांनी ती बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. सेवा आठवड्यातून एकदाच, कारण कराचीला येणारं विमानच आठवड्यातून एकदा यायचं.

या उड्डाणाच्या वेळा सगळीकडे अशा सांगितल्या जातात : सकाळी ६:३५ ला कराचीहून निघालं, दुपारी १:५० ला जुहूला उतरलं. वजाबाकी करा : सव्वासात तास. बरोबर? बरोबर, जर दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या असतील तर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली होती, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईत महापालिकेने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. हे दुहेरी राज्य १९५५ पर्यंत चाललं. एकाच शहरात रेल्वेचं घड्याळ एक सांगणार आणि महापालिकेचं दुसरंच. मुंबईच्या इतिहासावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ३९ मिनिटं उशाशी घेऊन झोपावं.

मग इथे कुठलं घड्याळ? याचा अंदाज नकाशावरून बांधता येतो. कराची-अहमदाबाद-मुंबई हे अंतर साधारण १,०४० किलोमीटर. पस मॉथचा वेग ताशी १६०-१७० किलोमीटर. म्हणजे हवेत सव्वासहा-साडेसहा तास, अधिक अहमदाबादला इंधन भरण्याचा थांबा. प्रमाणवेळ धरली तर सव्वासात तास छान बसतात. उतरण्याची वेळ बॉम्बे टाइमची धरली तर जवळजवळ आठ तास होतात, ते जरा जास्त वाटतात, पण वारा समोरून असेल तर अशक्य नाहीत. या हिशोबाने पुरावा मिळत नाही, शक्यता किती ते कळतं. पण वेळेचा आकडा उचलण्याआधी एवढी झटापट करायची सवय लावून घ्या. कागद-पेन्सिल पुरते.

जाता जाता, ‘मुंबई’ म्हणजे तरी नेमकं काय? जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याने भरून वापरण्याजोगं राहत नसे, तेव्हा टाटांचं विमान पुण्याला उतरायचं. म्हणजे वर्षातले चार महिने मुंबईच्या हवाई डाकेचं टोक पुण्यात होतं आणि मध्ये बोरघाट होता.

आता तक्त्यातली सगळ्यांची लाडकी ओळ : ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. ३५ प्रवासी होते. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, स्वातंत्र्याला अजून वर्षही झालं नव्हतं. हा प्रवास ‘५,००० मैल, २४ तास’ असा सांगितला जातो. आपण वर ७,२०० किलोमीटर म्हटलं, त्याचे होतात साधारण ४,४८० मैल. मग हे पाच हजार कुठून आले? टप्पे मोजा. मुंबई-कैरो सुमारे ४,३४० किलोमीटर, कैरो-जिनिव्हा २,८२०, जिनिव्हा-लंडन ७५०. बेरीज ७,९०० च्या पुढे, म्हणजे ४,९०० हून जास्त मैल, सांगताना पाच हजार. आकडा बरोबरच आहे, फक्त तो सरळ अंतराचा नाही, मोडत मोडत गेलेल्या वाटेचा आहे.

आणि २४ तास? ७,९०० ला २४ ने भागा : ताशी ३३० किलोमीटर. कॉन्स्टेलेशन तर ताशी पाचशेच्या आसपास जायचं. म्हणजे हवेत साधारण सोळा-सतरा तास, बाकीचे तास थांब्यांचे आणि वाऱ्याचे. ‘ह्यू लिंडसे’चे २१ आणि ३३ आठवले ना? प्रमाण बघा : बोटीचा एकतृतीयांशाहून जास्त वेळ उभं राहण्यात गेला, आणि ११८ वर्षांनी विमानाचाही साधारण तेवढाच. माझ्या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त थांबवून धरणारी तुलना ही आहे. आणखी एक : ही सेवाही आठवड्यातून एकदाच होती. मंगळवारचं विमान हुकलं तर बोटीसारखंच पुढच्या खेपेची वाट बघायची.

त्यानंतरचा आलेखही सरळ खाली येत नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीने लंडन-कोलंबो मार्गावर ‘कॉमेट’ हे जेट विमान सुरू केलं, ते मुंबईला थांबायचं. मुंबई एकदम जेटच्या युगात गेली. पण एप्रिल १९५४ मध्ये, लागोपाठच्या अपघातांनंतर, कॉमेटची उड्डाणं थांबली आणि प्रवासी परत पंख्यांच्या विमानांत बसले. जेटने नियमितपणे लंडनला जाणं पुन्हा रुळलं ते १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर. मधली सहा वर्षं मुंबई-लंडन प्रवास आधीपेक्षा हळू झाला होता. दहा-दहा वर्षांच्या टप्प्याने तक्ता केलात, १९५०, १९६०, १९७०, तर हा सगळा प्रकार दोन ओळींच्या फटीत पडून नाहीसा होतो.

या काळावर काम करणार असाल तर तुमचं मुख्य साधन म्हणजे कंपन्यांची छापील वेळापत्रकं. ती वाचताना हे लक्षात ठेवा की दोन्ही टोकांच्या वेळा स्थानिक असतात. आपण सवयीने साडेपाच तासांचा फरक धरतो. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की १९६८ ते ऑक्टोबर १९७१ या काळात ब्रिटनने प्रयोग म्हणून हिवाळ्यातही घड्याळं पुढेच ठेवली होती. म्हणजे १९६९ च्या डिसेंबरचं वेळापत्रक घेऊन साडेपाच तास धरलेत तर विमान एक तास जास्त वेळ उडेल, तुमच्या वहीत! आणि भारतातही सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे केलेली होती. त्या तीन वर्षांतली कुठलीही वेळ उतरवून घेताना शेजारी खूण करून ठेवा.

छापील वेळेबद्दल दुसरी गोष्ट. वेळापत्रकात दिलेला वेळ हा हवेतला नसतो. विमान फाटकापासून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला फाटकाशी थांबेपर्यंतचा तो वेळ, त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत रेंगाळणं आलं, हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं आलं. शिवाय कंपन्या थोडी उसंत धरूनच वेळ छापतात, म्हणजे उशीर झाला तरी ‘वेळेवर’ म्हणता येतं. यंत्राच्या वेगाचा अभ्यास करणाऱ्याला हा आकडा चालणार नाही, प्रवाशाच्या अनुभवाचा अभ्यास करणाऱ्याला हाच हवा.

आणि जाणं-येणं सारखं नसतं. आज मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना साडेआठ-नऊ. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात. अंतर तेच, वाट जवळपास तीच, तरी तासाभराचा फरक. तक्त्यात ‘मुंबई-लंडन १० तास’ लिहिताना तुम्ही एक दिशा निवडलेली असते, तशी नोंद करा. त्यावर पुन्हा आकाशाच्या परवानग्या आहेतच : फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बहुतांशी बंद ठेवलं, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद केलं. दिल्लीच्या विमानांना याचा फटका जास्त बसला, मुंबईच्या विमानांना समुद्रावरून वळण घेता येतं म्हणून कमी. १९३२ चा शारजा आणि हे वळण एकाच रकान्यात बसतात, एवढंच सांगतो.

शेवटी एका माणसाची ओळ तक्त्यात घालायची राहिली आहे. पी अँड ओ कंपनीच्या ज्या बोटींनी हे पुढारी आणि बॅरिस्टर लंडनला गेले, त्या बोटींवर जेवण वाढणारे, खोल्या आवरणारे कामगार बहुतेक गोव्याचे असत आणि इतर खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. तेही मुंबईहून लंडनलाच जात. पण ते मार्सेयला उतरून आगगाडी पकडत नसत, स्पेनचा सगळा वळसा बोटीबरोबर घालत. त्यांचा प्रवास लंडनला संपतही नसे. करार असे महिनोन्‌महिन्यांचा, बोट जिथे जाईल तिथे जायचं आणि करार संपला की मुंबईत उतरून घरी. शनिवारच्या त्या बोटीत वरच्या मजल्यावर मुंबई-लंडन अंतर चौदा दिवसांचं होतं आणि खालच्या मजल्यावर ते कराराच्या मुदतीएवढं होतं. खलाशांच्या करारांचे कागद आणि जहाजांच्या हजेरीपटांवरची नावं हे या ओळीचं साधन. ते कागद वाचायचे कसे, नावांची इंग्रजी मोडतोड ओळखायची कशी, ते पुढच्या लेखात.